वॉटसन्स हॉटेल: आयात केलेला बार

काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीच्या रांगेतच एक लोखंडी सांगाड्याची, खंगलेली इमारत आहे. एस्प्लनेड मॅन्शन. नाव ऐकून काही आठवलं नाही ना? जुनं नाव सांगतो: वॉटसन्स हॉटेल.

मराठीत 'हॉटेल' म्हटलं की आपल्याला चहा-मिसळ आठवते. हे तसलं नव्हे. १८७१ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलात सुमारे १३० खोल्या, नाचाचा हॉल, रेस्टॉरंट आणि बार होता. आजची जाहिरात त्याला बेधडक 'ब्रासरी अँड कॉकटेल बार' म्हणेल. ब्रासरी म्हणजे मुळात बिअर गाळायची जागा, पण ते जाऊ द्या.

माझ्या संशोधनाच्या दृष्टीने प्रश्न असा, की या बारमध्ये मुंबईचं काय होतं? सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला, बोटीने आणला आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जोडला. त्याचा अभियंता रोलंड मेसन ऑर्डिश. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं प्रचंड छप्पर उभारण्यातही त्याचा हात होता. वाढणाऱ्या मुलीसुद्धा इंग्लंडहून आणलेल्या! त्यावर तेव्हा विनोद चालायचा, की वॉटसनने हवा पण तिकडूनच आणायला हवी होती.

बर्फाचंही तसंच. १८३० च्या दशकापासून मुंबईत अमेरिकेच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने यायचा, पुढे यंत्रं आली. गंमत म्हणजे याच पेयसंस्कृतीतला 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला असं बरेच कोश मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. म्हणजे शब्द इथून गेला, पण तो पिणारा गिऱ्हाईक म्हणून आत यायचा तो फक्त गोरा. हॉटेल युरोपियनांसाठीच होतं.

इथे तुम्ही म्हणाल, 'आणि म्हणूनच अपमान झालेल्या जमशेटजी टाटांनी ताज बांधलं!' थांबा. गोष्ट झकास आहे, पण तिला भक्कम समकालीन पुरावा नाही, आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. १९०३ मध्ये ताज सुरू झालं आणि वॉटसन्सचा भाव उतरला, एवढं मात्र खरं. माझ्या मते त्या किश्श्याने एक नुकसान केलंय: आपण एका श्रीमंताला दारात अडवल्याबद्दल बोलतो, पण आत रोज भांडी घासणाऱ्या, पंखे ओढणाऱ्या माणसांबद्दल विचारतच नाही.

७ जुलै १८९६ ला लुमिए बंधूंच्या चित्रफिती भारतात पहिल्यांदा दाखवल्या, त्या इथेच. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, आणि बाकीच्या मुंबईला ते तिथे पाहता आले. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्याने सगळ्यात मन लावून लिहिलंय ते बाल्कनीतल्या कावळ्यांवर. कावळ्यांना कुणी अडवत नसणार.

पुढे हॉटेल गेलं, खोल्यांचे तुकडे पडले, कोर्ट जवळ म्हणून वकिलांची ऑफिसं थाटली. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडच्या २००६ च्या १०० संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत ही इमारत आली, आणि २०१९ मध्ये ती रिकामी केली. पाडायची की सावरायची, हा वाद कोर्टात गेला. पाडून हुबेहूब बांधू असं कुणी म्हटलं तर माझा विरोध आहे. कोणता खांब कुठे जोडला, पार्टिशन कुठे ठोकलं, नोकर कोणत्या जिन्याने वर जायचे, हे तपासायला मला तीच इमारत लागते. नोकरांनी आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, जिने मात्र आहेत.