गळ्याचे बचत खाते

नाव बदलले म्हणून आवाज बदलत नाही, हे आम्हा धाराशिवकरांना कोणी शिकवायला नको. २०१७ साली आमच्याकडे ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले तेव्हा गाव उस्मानाबाद होते. २०२३ साली धाराशिव झाले. आम्ही बँकवाल्यांनी रबरी शिक्के बदलले आणि गिऱ्हाइकांवर पूर्वीच्याच पट्टीत ओरडू लागलो!

आता ओरडणे वेगळे आणि गाणे वेगळे. परदेशी ऑपेरात 'ड्रॅमॅटिक सोप्रानो' म्हणून एक वजनदार बायकी आवाज असतो. पन्नास-साठ वाद्ये खालून गर्जत असताना तिने माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे. (हे ऐकून आमचा तुळजापूरचा गोंधळी मिशीत हसेल. त्याच्या कानाशी रात्रभर संबळ कडकडत असतोच की!) बाईंची युक्ती अशी, की जोर गळ्यावर द्यायचा नाही. श्वास बरगड्यांत भरून काटकसरीने सोडायचा, गळा सैल ठेवायचा आणि आवाजाला धार आणायची. वाद्यांचा गलबला जिथे विरळ होतो, नेमकी तिथून ती धार पलीकडे जाते.

आमची मराठी सोप्रानो मात्र पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व, जन्म १८८८. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. पुढे भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली. तेव्हाही माईक नव्हता, नाटक रात्र रात्र चाले, आणि 'वन्स मोअर' म्हणजे न कळवता काउंटरवर आलेला चेक. तो परत करायची सोय नाही! असा गळा टिकवायचा तर रियाजाची ठेव रोज भरायची आणि गायचे फक्त व्याजावर. मुद्दलाला हात लावला की दिवाळे. म्हणून बालगंधर्व ओरडले नाहीत. बोलता बोलता हलकेच पदात शिरत.

इथवर हिशेब जुळतो. पण १२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चाली, नायिका भामिनी. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तरीही प्रयोग झाला आणि भामिनी तेच झाले.

दुःखात माणसाचा आधी गळाच दाटतो, आणि सूर अडतो तोही तिथेच. त्या रात्री ते कुठल्या शिलकीवर गायले, ते आमच्या बी. कॉम.च्या पुस्तकात दिलेले नाही.