अजिंक्यताऱ्यावरचे दोन झेंडे

१० फेब्रुवारी १८१८ रोजी साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. फारशी झुंज झालीच नाही. किल्ल्यावर आधी ईस्ट इंडिया कंपनीचे निशाण चढले, मग ते उतरवून तिथे छत्रपतींचा झेंडा लावण्यात आला. ज्यांच्या नावाचा हा झेंडा, ते छत्रपती प्रतापसिंह मात्र त्या दिवशी साताऱ्यात नव्हते. पळणाऱ्या पेशव्याने, दुसऱ्या बाजीरावाने, त्यांना, त्यांच्या आईला आणि भावांना आपल्या लष्करासोबत फिरवत ठेवले होते. राजा ताब्यात येण्याआधीच त्याच्या नावाने निशाण लावून इंग्रज मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जाहीरनामा काढला. त्यात बाजीरावाच्या अपराधांचा पाढा होता, गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचाही उल्लेख होता. बाजीरावाचा मुलूख यापुढे कंपनीकडे राहील, त्याला कोणी वसूल देऊ नये, वतने आणि इनामे पूर्ववत चालतील, कोणाच्या धर्मात हात घातला जाणार नाही, अशी ग्वाही होती. आणि छत्रपतींना सोडवून त्यांना त्यांच्या इभ्रतीला साजेसे स्वतंत्र राज्य दिले जाईल, असे वचन होते. मराठी मुलखातल्या पाटलापासून सरदारापर्यंत प्रत्येकाला या कागदात आपापल्या कामाची एक तरी ओळ सापडत होती. लढाई अजून संपली नव्हती, पण त्या ओळींनी बाजीरावाची बाजू आतून पोखरायला सुरुवात केली.

छत्रपतींसाठी नेमके काय करायचे, हे गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने एल्फिन्स्टनवर सोपवले होते. नुसती जहागीर देऊन भागले असते. एल्फिन्स्टनने छोटे राज्य देण्याचा मार्ग पत्करला. त्यामागचा हिशेब सरळ होता. पेशवाई बुडाली की हजारो मराठा शिपाई आणि मानकरी बेकार होणार; त्यांना चाकरीसाठी कुठले तरी दार उघडे हवे. शिवाजी महाराजांच्या गादीबद्दल लोकांच्या मनात जी माया होती, ती पेशव्यापासून तोडून आपल्या बाजूला वळवायची, तर गादी मोडण्यापेक्षा राखणे सोयीचे होते.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. प्रतापसिंह पेशव्यांच्या काळातही स्वतंत्र नव्हते. १८०८ साली ते गादीवर आले तेव्हा छत्रपतीपदाला केवळ मान उरला होता. पेशव्याला वस्त्रे छत्रपतींकडून मिळत, आणि छत्रपतींवर पहारा पेशव्याचा असे. परक्या सैन्याने त्यांना सोडवले, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने खोटी नव्हती. अशा राज्यांचा पाया बहुधा एखाद्या खऱ्या तक्रारीवरच रचला जातो, म्हणून तर ती लोकांना पटतात.

२० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले, बाजीराव निसटला आणि छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये प्रतापसिंहांना साताऱ्यात गादीवर बसवण्यात आले. त्यांचे वय तेव्हा पंचवीस होते. कारभार मात्र कॅप्टन जेम्स ग्रँट याच्याकडे गेला. पुढे ग्रँट डफ या नावाने मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तो हाच. राज्य छत्रपतींचे, हुकूम पोलिटिकल एजंटाचा, अशी चार वर्षे गेली.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने या व्यवस्थेला कायद्याचे रूप मिळाले. पश्चिमेला सह्याद्री, उत्तरेला नीरा, दक्षिणेला वारणा-कृष्णा आणि पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख राजांना मिळाला. तो राजांनी, त्यांच्या वारसांनी आणि उत्तराधिकाऱ्यांनी कायम उपभोगावा, असा शब्द होता. त्याबरोबरच राजांनी कंपनीशी दुय्यम नात्याने सहकार्य करावे, एजंटाच्या सल्ल्याने चालावे आणि कंपनीच्या संमतीशिवाय फौज वाढवू वा घटवू नये, असे ठरले.

खरी मेख पाचव्या कलमात होती. परकी सत्ता, सरदार, जहागीरदार, किंवा आपली प्रजा नसलेला कोणीही माणूस, यांच्याशी राजांनी एजंटाला वगळून कसलाही संबंध ठेवायचा नाही. घरातल्या सोयरिकीसाठी बाहेर पत्र पाठवायचे, तर तेही एजंटामार्फतच. भोसल्यांच्या सोयरिकी गुजर, शिर्के, मोहिते, निंबाळकर अशा कुळांशी. ही घराणी मराठी मुलखात सर्वत्र पसरलेली. मुलीचे लग्न ठरवायचे तरी इंग्रज अधिकाऱ्याच्या दफ्तरातून जावे लागणार! आणि ही अट तहाचा पाया आहे, ती मोडली तर तहाचे सर्व फायदे जातील, असे त्याच कलमात लिहून ठेवले होते. राज्य देतानाच ते काढून घेण्याची तजवीज झाली होती.

५ एप्रिल १८२२ रोजी कारभार राजांच्या हाती आला. त्यांनी तो मनापासून केला. ते स्वतः दफ्तर पाहत, रोजनिशी ठेवत. रस्ते झाले, शहरात पाणी आले, शाळा निघाली, छापखाना आला. १८२९ मध्ये महाबळेश्वरचा डोंगर कंपनीला देऊन त्यांनी बदल्यात खंडाळा गाव घेतले. माल्कमपेठ वसली ती महाबळेश्वरच्या त्याच डोंगरावर. १८३५ साली कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी त्यांच्या कारभारावर खूश होऊन रत्नजडित तलवार पाठवली. ती राजांच्या हाती कधी पडलीच नाही, मुंबई सरकारने ती अडवून धरली.

कारण तोवर बिनसले होते. फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट इथले जहागीरदार साताऱ्याच्या छायेखाली, पण त्यांची हमी कंपनीची. कोणी निपुत्रिक वारला की हक्क कोणाचा, यावर तंटे होत. राजे तहाचे शब्द गांभीर्याने घेत होते, आपल्याला राजा म्हटले आहे तर आपण राजा आहोत असे धरून चालत होते. मुंबई सरकारला नेमके हेच नको होते.

१८३६ मध्ये गुप्त चौकशी बसली. देशी पलटणीतल्या अधिकाऱ्यांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे आरोप ठेवले गेले. सगळे आरोप पाचव्या कलमाला बरोबर बसणारे. ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आला. तह मोडल्याचे कबूल करून सही करा, गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. प्रतापसिंहांनी सही नाकारली. ५ सप्टेंबरला पहाटे कर्नल ओव्हान्सने फौजेसह वाड्याला वेढा दिला आणि त्यांना पालखीत घालून लिंब गावी नेले. तिथून पुढे काशीला. गादी भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना मिळाली. चौकशी समितीतला एक सभासद, माजी रेसिडेंट लॉडविक, पुढे लंडनमध्ये राजांच्या बाजूने उभा राहिला. त्याच लंडनमध्ये राजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि पत्रके यांच्या बळावर धन्यासाठी झगडले. प्रतापसिंह १८४७ साली काशीला वारले, तरी रंगो बापूजींनी हा लढा सोडला नाही. मराठी इतिहासात इतक्या चिवट निष्ठेची उदाहरणे थोडीच सापडतील.

५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजेही गेले. मरणाआधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. तहातला वारसांविषयीचा शब्द दत्तकालाही लागू आहे, असे मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने लिहून दिले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने ते मानले नाही. दत्तक नामंजूर झाला आणि साताऱ्याचे राज्य खालसा झाले. ज्या जहागीरदारांवरून तंटे झाले, ते मात्र टिकले. गादी गेल्यावर त्यांचा संबंध थेट इंग्रजांशी आला, आणि फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट ही संस्थाने आणखी शंभर वर्षे, १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत चालली.