धुपाटणे (मातीचे)

धुपाटणे हे निखाऱ्यांवर धूप, ऊद, राळ किंवा गुग्गुळ टाकून सुगंधी धूर करण्याचे पात्र होय. ते धातूचे किंवा मातीचे असते. मातीचे धुपाटणे कुंभार चाकावर व हाताने घडवतात.

रचना

बैठक, निखाऱ्यांची वाटी व दांडा हे त्याचे मुख्य भाग होत. काहींना जाळीदार झाकण असते. भोकांची नक्षी शोभेपुरती नसते; तिच्यातून निखाऱ्यांना हवा मिळते व धूर बाहेर पडतो. वाटीत आधी राखेचा थर देतात. त्यामुळे माती एकाएकी तापून तडकत नाही.

घडण

जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा असून तेथील काळी माती वाळताना फार आकसते व भेगाळते. म्हणून तीत गाळ, बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळून मळतात. चुनखडीचे खडे वेचून काढावे लागतात. ते राहिल्यास भाजताना त्यांचा चुना होतो, पुढे ओलाव्याने फुगतो आणि टवका उडतो.

वाटी व बैठक चाकावर, तर दांडा हाताने करतात. अर्धवट सुकलेल्या भागांवर ओरखडे काढून, पातळ चिखल लावून ते जोडतात. एक भाग दुसऱ्यापेक्षा अधिक सुकलेला असल्यास सांधा निखळतो. म्हणून जोडलेले पात्र सावलीत सावकाश वाळवतात. याच अवस्थेत रेघा कोरतात व भोके पाडतात. गेरूचा हात दिल्यावर आव्यात भाजतात. मोकळ्या हवेत भाजल्यास मातीतील लोहामुळे तांबडा, तर हवा कोंडल्यास काळा रंग येतो.

प्राचीन परंपरा

भोकरदन (प्राचीन भोगवर्धन) येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव व आर. एस. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन मृद्भांडी व केओलिन मातीच्या मूर्ती मिळाल्या. अशा पोकळ मूर्तींचे दोन अर्धे भाग साच्यात काढून जोडत. सुटे भाग सांधण्याचे कसब या भूभागात किती जुने आहे, हे त्यावरून दिसते.

सद्यस्थिती

चुलीची जागा गॅसच्या शेगडीने घेतल्यावर घरातले निखारे गेले. उदबत्ती व धूपकांडीला निखारे लागत नाहीत. त्यामुळे मातीच्या धुपाटण्याचा नित्य वापर घटला. सांध्याचे कसब मात्र कामातूनच शिकले जाते.