जुने इंजिन, नवे इंधन : पेट्रोलच्या वासाचा एक इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा शोधाचे वर्ष, कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आणि उत्पादन बंद पडल्याचे वर्ष एवढ्यावरच थांबतो. यंत्र प्रत्यक्ष वापरात असते तो काळ ह्या सनावळीच्या बाहेरच राहतो. मुंबईच्या फियाटचे उदाहरण घ्यावे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे, इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने, १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असलेली गाडी बाहेर पडू लागली व १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने ओळखली गेली. शतक पालटताना तिचे उत्पादन थांबले. तथापि ह्या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदविली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून निघाली. खाजगी मालकांकडील गाड्या तर अद्याप चालतात. हा उत्तरकाळ कोणत्या साधनांवरून लिहावयाचा? प्रस्तुत लेखकास त्याचे एक साधन अनपेक्षितपणे, आणि नाकावाटे, सापडले.

आमच्या घरी १९६८ सालची फियाट आहे. तिचे इंजिन उतरवून सिलिंडर बोअर केले, ओव्हरसाइज पिस्टन व नव्या रिंगा घातल्या, व्हाल्व्ह घासून बसविले, हेड फेस करून नवे पॅकिंग टाकले. इंजिन उत्तम लागले. परंतु आठवडाभरात गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, आणि तो इतका वाढला की मुलीने मागच्या बाकावर बसावयाचे नाकारले. मिस्त्रींनी तीन वेळा कार्ब्युरेटर उघडला, निडल बदलली, फ्लोटची उंची पुन्हा लावली. वास कायम. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती तळाशी साचते आणि एखाद्या ठिणगीने पेटते. तेव्हा हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हता.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची सवय उपयोगी पडली. वास कोठून येतो असे विचारण्याआधी तो केव्हा येतो हे आम्ही वहीत टिपू लागलो. गरम इंजिन बंद केल्यावर पाचदहा मिनिटे वास आला, तर फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल इंजिनाच्या धगीने उकळत आहे असे समजावे. तेलाची पट्टी काढून हुंगली आणि तिला पेट्रोलचा वास असला, तर एसी पंपाचा, म्हणजे इंजिनाच्या कॅमवर चालणाऱ्या इंधनपंपाचा, पडदा फाटून पेट्रोल तेलात उतरत आहे. टाकी काठोकाठ भरली असतानाच वास आला, तर तोंडापासून टाकीपर्यंतची रबरी नळी पाहावी. आमच्या नोंदींत वास थंड गाडीतही होता, टाकी अर्धी असतानाही होता, आणि रात्रभर बंद ठेवलेल्या गाडीत सकाळी सर्वांत उग्र होता. तेलाची पट्टी मात्र निर्दोष होती. एवढ्यावरून कार्ब्युरेटर बराचसा दोषमुक्त ठरत होता. पण तो उघडणे सोपे, म्हणून पुनःपुन्हा त्याच्यावरच हात जाई.

कार्ब्युरेटरवरील हा संशय पूर्वापार आहे आणि त्यास कारणही आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ ह्या बाई पतीने बनविलेली गाडी घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या, तेव्हा त्यांनी वाटेत वीस्लोख येथे औषधांच्या दुकानातून इंधन विकत घेतले आणि तुंबलेली इंधननळी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. त्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून वाहून वाफ उचलीत असे. १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख यांनी, आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी, बारीक तोंडातून इंधनाचा फवारा उडविण्याची योजना आणली व तीच पुढे रूढ झाली. तीत फ्लोटच्या भांड्यास बाहेरच्या हवेशी संबंध राखावाच लागतो. अर्थात थोडी वाफ बाहेर जाणे हा त्या रचनेतील दोष नव्हे, तो तिचा श्वासोच्छ्वास होय. त्यास दोष ठरविले ते कॅलिफोर्नियाने. अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करणारे रसायनज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, लॉस एंजेलिसचे डोळे झोंबविणारे धुके हे पेट्रोलच्या वाफा व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडून तयार होते. १९७० पासून तेथील नव्या गाड्यांत ह्या वाफा कोळशाच्या डबीत अडविणे सक्तीचे झाले. कुर्ल्याच्या गाडीची रचना त्याच्या आधीची. तिचा वास कायद्याच्या दृष्टीने जन्मास येण्यापूर्वीचा आहे.

एका जाणत्या गृहस्थांनी शिशाकडे बोट दाखविले. टेट्राएथिल लेडचा गुण १९२१ मध्ये मिजली यांनी शोधला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील शुद्धीकरण कारखान्यात त्याच्या विषाने कामगार दगावले, तरी ते द्रव्य जगभर पसरले. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले व २००० साली शिसे सर्वत्र गेले. शिशाचा थर व्हाल्व्हच्या बैठकीचे रक्षण करी, म्हणून इंजिन बांधताना कठीण पोलादाच्या बैठकी बसविणे श्रेयस्कर. पण शिसे गेल्यामुळे नळ्या गळत नाहीत. हा धागा आम्ही सोडून दिला.

खरा धागा मद्यार्काचा होता. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. १९४८ साली इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट संमत झाला होता. २००० साली तो रद्द झाला, आणि गंमत अशी की २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण पुन्हा सुरू झाले. २०२२ मध्ये प्रमाण दहा टक्क्यांवर व २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. आपल्या साखर कारखान्यांस त्याचा आधार झाला हे मान्य केले पाहिजे. मात्र इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, टाकीतील जुना गाळ सैल करते, थोड्या प्रमाणात मिसळले असता पेट्रोलचा बाष्पदाब वाढविते आणि जुन्या जातीच्या रबरास फुगवून मऊ करते.

आमच्या वासाचे मूळ शेवटी मागच्या बाजूस, टाकीतून निघणाऱ्या इंधननळीच्या वीतभर रबरी जोडात निघाले. जोड थेंब गाळीत नव्हता, म्हणून कोणाच्या डोळ्यांस दिसला नाही. तो अंगभर पाझरत होता. पांढरे फडके त्यास गुंडाळून रात्रभर ठेवले, तेव्हा सकाळी फडक्यानेच साक्ष दिली. दोष मिस्त्रींचा नव्हता. जीर्णोद्धारात प्रत्येक वस्तू अस्सल असावी असा हट्ट आमचा, आणि कुर्ल्याच्या बाजारात हिंडून न वापरलेली, मूळ बनावटीची नळी आम्हीच आणून दिली होती. नळी अस्सल होती. तिच्यातून वाहणारे इंधन तिच्या काळचे नव्हते.

संशोधकांनी येथे क्षणभर थांबावे. जीर्णोद्धाराने यंत्र १९६८ च्या स्थितीत येते असे आपण सहज लिहून जातो. धातू येतो, इंधन, तेल, रस्ता, कायदा हे येत नाहीत. कारखान्याच्या अहवालात ह्या विसंवादाची नोंद सापडणार नाही. ती गॅरेजांच्या बिलांत, रबराच्या बदललेल्या नळ्यांत आणि मिस्त्रींच्या तोंडी परंपरेत आहे, आणि मिस्त्रींची ती पिढी आता थकली आहे. त्यांच्या मुलाखती नोंदवून घेण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास ते लवकर घ्यावे.

आमच्या गाडीस आता इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरोरबराचे अस्तर असलेली नळी आहे. वरून ती जुनीच दिसावी म्हणून मिस्त्रींनी तिच्यावर सुती वेष्टन चढविले. मुलगी पुन्हा मागे बसते. मे महिन्यात इंजिन बंद केल्यावर पाचदहा मिनिटे किंचित वास येतो, तो भांड्यातील पेट्रोलचा. तेवढा वेळ आम्ही गॅरेजचे दार उघडे ठेवतो.