तळटीप १२ : लेकन रायली कायदा

१२. लेखकाने येथे ‘नवा कायदा’ एवढेच म्हटले आहे. रोख अमेरिकेच्या लेकन रायली कायद्याकडे आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे लेकन रायली या २२ वर्षांच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा खून झाला. मारेकरी व्हेनेझुएलाहून बेकायदा आलेला होता आणि त्याआधी दुकानातील चोरीच्या प्रकरणात सापडला होता. तिच्या नावाचा हा कायदा २९ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने झाला. घरफोडी, चोरी, दुकानातून वस्तू उचलणे, पोलिसावर हल्ला, मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवणारा गुन्हा, यांपैकी कशाचाही आरोप असलेल्या विनाकागदपत्र परकीयांना स्थानबद्ध करणे त्याने सक्तीचे केले. १९९६च्या कायद्यातही अशी सक्ती होती. पण ती मुख्यतः गुन्हा शाबित झालेल्यांसाठी. आता नुसती अटकही पुरते, आणि स्थानबद्धतेतून जामिनावर सुटण्याची वाट बंद होते. पुढे खटल्यात माणूस निर्दोष ठरला, तरी कोठडीतले दिवस परत मिळत नाहीत. म्हणून मूळ मजकुरातील ‘गुन्हेगार’ हा शब्द वाचकाने ‘आरोपी’ असा वाचावा. एका तरुण मुलीच्या मृत्यूचे दुःख खरे आहे. पण आरोप म्हणजे अपराध नव्हे, हा न्यायाचा पायाही तितकाच खरा आहे. या प्रकरणाचे पुढचे विवेचन दोन्ही ध्यानात ठेवून वाचावे. – संपा.