पारनेर कोणत्या पानावर?

अहिल्यानगर जिल्ह्यात तालुके 14. अकोल्याहून निघून जामखेडला पोहोचायचं ठरवलं तर क्रम असा लावता येतो: अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. वेबसाइटच्या एका पानावर पाचच तालुके दाखवायचे, तर दुसरं पान राहुरीला सुरू होऊन नगरला संपतं. संगणकाला मात्र कुठून उचलायचं आणि कुठे थांबायचं, हे दोन आकड्यांत सांगावं लागतं.

अ‍ॅरेतला, म्हणजे अशा क्रमवार यादीतला, सलग तुकडा उचलायची सोय अल्गोल 68 या भाषेत होती. तिथे त्याला स्लाइस म्हणत. पण दोन्ही टोकांचे घटक त्यात मोजले जात आणि तो तुकडा मूळ अ‍ॅरेशी जोडलेलाच राही.

11 ऑगस्ट 1982 ही तारीख असलेल्या एका हस्तलिखित टिपणात डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी टोकांचा प्रश्न धसाला लावला. सुरुवातीचा आकडा धरावा, शेवटचा सोडावा आणि मोजणी शून्यापासून करावी. मग दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजेच घटकांची संख्या, आणि एक तुकडा जिथे थांबतो तिथेच पुढचा सुरू होतो. केवळ तर्कावर ते थांबले नाहीत. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मेसा भाषेत टोकं धरण्या-सोडण्याच्या चारही रीती होत्या. बाकीच्या तिन्हींमुळे चुका होत राहतात, हा तिथला अनुभव त्यांनी पुढे ठेवला.

शून्यापासून मोजलं तर आपल्या यादीत राहुरीचा क्रमांक 5, पारनेरचा 10. दुसऱ्या पानासाठी 5 आणि 10 सांगितले की राहुरी ते नगर येतात, पारनेर बाहेर राहतं. तिसरं पान 10पासून. शेवटचं टोकही धरलं असतं तर पारनेर दोन्ही पानांवर दिसलं असतं.

जावास्क्रिप्ट या भाषेत अ‍ॅरेचं स्लाइस 1997च्या सुमारास, 1.2 आवृत्तीत आलं. ते नवी प्रत काढून देतं, मूळ यादीला हात लावत नाही. मागचं पान पुन्हा उघडता येतं ते यामुळेच. नावात एकाच अक्षराची भर पडलेलं स्प्लाइस मात्र मूळ यादीतूनच घटक काढून टाकतं. नवशिक्याचे तालुके तिथे गायब होतात.

जावा या भाषेला असाच तुकडा काढून देणारं तयार कॉपीऑफरेंज 2006मध्ये, सहाव्या आवृत्तीत मिळालं. टोकांचा नियम तोच, पण शेवटच्या पानावर दोघींचे स्वभाव वेगळे. 10 ते 15 मागा. जावास्क्रिप्ट पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड असे चारच देते. जावा मागितलेली लांबी पाळते आणि जामखेडपुढे एक ‘नल’, म्हणजे रिकामी जागा, ठेवते. तपासलं नाही, तर पडद्यावर पंधराव्या, बिननावाच्या तालुक्याची ओळ उमटते. मला जावास्क्रिप्टची रीत पानांसाठी अधिक सोयीची वाटते. जावात शेवटचं टोक म्हणून 15 आणि यादीची लांबी 14 यांतला लहान आकडा आपणच द्यायचा.