ओवी आणि सोनेरी वेदी : जुन्या गोव्याच्या इगर्जी

फादर थॉमस स्टीफन्स आपल्या अभ्यासक्रमांत भेटतो तो बहुधा मराठीची थोरवी गाणाऱ्या चार-सहा ओव्यांपुरता. त्या पाठ होतात, परीक्षेत लिहिल्या जातात आणि विषय संपतो. नागपुरात, प्रतापनगरातील आमच्या छोट्या वाचनगटात 'ख्रिस्तपुराण' सलग वाचताना मात्र एक साधा प्रश्न पुढे आला : ही ओवी ज्यांच्या कानांवर पडली, त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते? त्याचे उत्तर ग्रंथालयात मिळण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही जुन्या गोव्याला गेलो. तेथे जे दिसले आणि त्यातून जे सुचले, ते येथे मांडत आहोत.

'बरोक' या शब्दाचे मूळ ओबडधोबड मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दात असल्याचे सामान्यतः मानले जाते. शैली मात्र रोममध्ये घडली. प्रॉटेस्टंट बंडानंतर ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–१५६३) कॅथलिक चर्चची घडी नव्याने बसवली, आणि श्रद्धा बुद्धीबरोबर डोळ्यांनाही पटली पाहिजे, हे कलेचे काम ठरले. सोने, प्रकाश, पिळदार खांब, आकाशाकडे हात उचललेले संत हे सारे मन वळवण्याचे साहित्य होते. तेव्हा बरोक म्हणजे दगडाचे वक्तृत्व, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

बॉम जेझूची पायाभरणी १५९४ साली झाली आणि १६०५ मध्ये ती इगर्ज पवित्र करण्यात आली. स्टीफन्स १५७९ ते १६१९ गोव्यात होता. म्हणजे ही इमारत त्याच्या हयातीत उभी राहिली, आणि ती त्याच्याच जेझुइट संघाची. दर्शनी भागावरचे नक्षीकाम वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाचे आहे. आत मुख्य वेदीवर इग्नेशियस लोयोलाची भव्य मूर्ती, आणि तिच्यावर येशूच्या नावाची अक्षरे धारण करणारा सोनेरी सूर्य. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या समाधीपाशी तर इटली अक्षरशः गोव्यात येते. तिची संगमरवरी आणि कांस्य बैठक टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट दिली. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीने ती घडवली आणि १६९८ साली ती येथे बसवली गेली. तिच्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच कारागिरांच्या हातची. खाली फ्लॉरेन्स, वर गोवा!

थोड्या अंतरावर सेंट कॅजेटनची इगर्ज आहे. थिएटाइन पंथाच्या इटालियन धर्मगुरूंनी ती सतराव्या शतकाच्या मध्यात बांधली, रोमच्या सेंट पीटरचा नमुना समोर ठेवून. घुमटाखाली उभे राहिले की त्या दूरच्या नगरीची छोटी प्रतिकृती पाहत असल्याचा भास होतो. याच परिसरात आदिलशाही वाड्याचे एकाकी दार उभे आहे. पर्यटक त्याच्यापाशी क्वचितच थांबतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर थांबावे.

मोंते सांतो टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनचे तर भग्नावशेषच उरले आहेत. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर मठ ओस पडला, १८४२ साली छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागही ढासळला. जांभ्या दगडाच्या मनोऱ्याचा सुमारे ४६ मीटर उंचीचा तुकडा तेवढा राहिला. त्याची घंटा आज पणजीच्या इगर्जीत वाजते. घंटांचे हे स्थलांतर आपल्याला परके नाही : १७३९ च्या वसईविजयानंतर आलेली पोर्तुगीज घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. ज्या श्रद्धेसाठी घंटा ओतली जाते, तिच्याच दारी ती कायम राहते असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली, साष्टीतील १५६७ मध्ये. १५६० पासून इन्क्विझिशन होते. जुने ग्रंथ हिरावले गेलेल्या नवख्रिस्ती समाजाला वाचण्यासाठी दुसरे पुराण हवे होते, हे कारण 'ख्रिस्तपुराणा'तच नोंदलेले आहे. १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाने ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, वैकुंठासारखे शब्दही घेतले, आणि आत नवा आशय भरला. वेदीचे तसेच झाले. देवाच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत, असे १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने बजावले. पण असे बजावावे लागले, याचाच अर्थ त्या कारागिरांवाचून काम अडत होते. इगर्जीतील वेली आणि गुबगुबीत देवदूत पाहताना देवळांचे सोनेरी काम घडवणारा हात आम्हाला ओळखीचा वाटला.

म्हणून मराठीची ती स्तुती शिकवताना दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात, असे आमचे मत झाले आहे. स्टीफन्सचे मराठीवरील प्रेम खोटे नव्हते, आणि ज्या सत्तेच्या सावलीत ते फुलले ती निर्मळ नव्हती. एक सांगून दुसरे झाकले, तर एक तर आपण भाबडे ठरतो, नाही तर कृतघ्न. स्टीफन्सनंतर सुमारे पासष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, याच राजवटीने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, हेही त्याच पाठाचा भाग आहे.

जाता जाता एक गोष्ट. बॉम जेझूचा तांबूस, उघडा जांभा सर्वांना 'प्राचीन' वाटतो. वास्तविक ही इगर्ज चुन्याने गिलावलेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यात तो गिलावा काढून टाकण्यात आला. सच्छिद्र जांभा तेव्हापासून गोव्याचा पाऊस पीत आला आहे. गिलावा परत चढवावा, अशी मागणीही झालेली आहे. ज्याला आपण अस्सल समजतो, ते कधी कधी कुणीतरी सोलून ठेवलेले असते. जुन्या ग्रंथांतून चार ओव्या वेचून उरलेला संदर्भ काढून टाकणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे त्या दगडाखाली उभे असताना विशेष जाणवले.